कचऱ्याच्या भट्टीवरची टेकडी

डेन्मार्क हा सपाट देश. तरीही त्याच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, लोक उतारावरून स्कीवर घसरत खाली येतात. हा उतार म्हणजे कचरा जाळणाऱ्या एका कारखान्याचे छप्पर आहे. ‘अमागर बाके’ म्हणजे अमागर बेटावरची टेकडी, असे त्याचे नाव. ब्यार्के इंगेल्स यांच्या वास्तुसंस्थेने त्याची रचना केली. भट्ट्या २०१७ मध्ये सुरू झाल्या आणि सुमारे ८५ मीटर उंचीचे छप्पर २०१९ मध्ये लोकांना खुले झाले. कचऱ्याचा प्रश्न विज्ञानाने सोडवल्याचा नमुना म्हणून त्याची छायाचित्रे जगभर दाखवली जातात. ती वर्गात दाखवण्यापूर्वी ही इमारत काय शिकवते आणि काय झाकते, हे तपासले पाहिजे.

आत काय चालते ते आधी पाहू. गाड्या कचरा एका खोल हौदात ओततात. क्रेनची पकड तो वरखाली करून मिसळते, कारण इंधन एकसारखे असले तरच ज्योत स्थिर राहते. मग कचरा सरकत्या जाळीवर पडतो. जाळीच्या पहिल्या भागात तो सुकतो, मधल्या भागात पेटतो, शेवटी राख उरते. ज्वलनातून निघणारे वायू किमान दोन सेकंद ८५० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावेत, असा युरोपीय नियम आहे. डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये मोडावीत हा त्याचा हेतू. या उष्णतेने बॉयलरमध्ये वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते आणि उरलेल्या उष्णतेने तापवलेले पाणी नळांतून घरे उबदार करायला जाते. धुरातील आम्ले चुन्याने, पारा व डायॉक्सिन कोळशाच्या सच्छिद्र भुकटीने आणि धूळ गाळण्यांनी अडवली जाते. अशा भट्टीत कचऱ्याचे आकारमान सुमारे ९० टक्के घटते. जिथे कचरा पुरायला जमीन नाही, तिथे भट्टीचा आधार वाटतो तो यामुळेच.

या इमारतीचे मोठे श्रेय असे की शहराने आपली भट्टी गावाबाहेर लपवली नाही. लोक तिच्या डोक्यावर चढतात, म्हणजे धुरावर त्यांचा विश्वास आहे. हा विश्वास मोजमापांनी कमवावा लागतो. पण छपरावर उभा राहिलेल्या माणसाला हौदात काय पडते ते दिसत नाही, आणि सगळा हिशेब तर तिथेच आहे.

समजा, एक किलो कचऱ्यात ६०० ग्रॅम पाणी आहे. ते २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ४५ किलोकॅलरी लागतात. वाफ करायला, अप्रकट उष्मा ग्रॅमला ५४० कॅलरी धरून, आणखी ३२४. म्हणजे सुमारे ३७० किलोकॅलरी केवळ पाणी उडवण्यात गेल्या. उरलेल्या ४०० ग्रॅममध्ये झाडलोटीची माती असेल, तर ती जळतच नाही. दिल्लीतील तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्याच तंत्रज्ञानाने रोज ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प उभारला होता. तो सुमारे तीन आठवडे चालला आणि बंद पडला. यंत्राला किलोमागे साधारण १४५० किलोकॅलरी देणारा कचरा हवा होता. मिळालेल्या कचऱ्यात त्याच्या निम्मीच उष्णता होती. भाजीची देठे आणि फळांच्या साली हे भट्टीचे इंधन नव्हे, ते खताचे साहित्य आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. कोपनहेगनच्या थंडीत गरम पाण्याला गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे ते नाही. केवळ वीज केली तर इंधनातील उष्णतेचा साधारण पाचवा-चौथा हिस्साच हाती लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. भट्टीला प्रिय असतात कोरडा कागद आणि प्लॅस्टिक, म्हणजे ज्यांचा पुनर्वापर करायचा तेच पदार्थ. एक किलो पॉलिथीन जळले की सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो या गाळण्यांत अडकत नाही. ठरावीक वजनाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला की धुराड्यातून वाफेचे एक कडे सोडायचे, अशी कल्पना मूळ आराखड्यात होती. ती प्रत्यक्षात आली नाही. माझ्या मते या वास्तूतील सर्वांत शैक्षणिक भाग तोच होता. छप्पर करमणूक करते. ते कडे हिशेब सांगत राहिले असते.

भट्टी एकदा बांधली की तिला रोज कचरा पुरवावा लागतो. डेन्मार्क परदेशातून कचरा आणून जाळत आला आहे. २०२० मध्ये मात्र त्याच देशाने २०३० पर्यंत भट्ट्यांची क्षमता ३० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले.

म्हणून वर्गात हे छायाचित्र जरूर दाखवावे, पण त्याआधी एक प्रयोग करावा. शाळेतील एका दिवसाचा कचरा निवडून वेगळा करावा, वजन करावे, ओला भाग उन्हात वाळवून पुन्हा तोलावा. किती वजन पाण्याचे होते, किती पुन्हा वापरता आले असते आणि भट्टीसाठी खरोखर किती उरले, हे मुलांनी फळ्यावर लिहावे. मग टेकडीकडे पाहावे.