हात कोणाचा?

प्राचीन ग्रंथ वाचताना मोजमापांची कोष्टके वगळून पुढे जाण्याची चाल आपल्या वाचकवर्गात रूढ आहे. यव, अंगुल, वितस्ति, हस्त ही नामावळी रसिकास रुक्ष वाटावी यात नवल नाही. परंतु कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील देशकालमानाचा अध्याय जो वगळतो, तो त्या ग्रंथाच्या मर्मालाच मुकतो, असे आमचे मत आहे.

या मापांविषयी दोन पक्ष ऐकू येतात. एक म्हणतो, माणसागणिक बोट निराळे. सबब देहावर बेतलेले माप रानटी होय. दुसरा अभिमानाने सांगतो, की अंगुल म्हणजे पाऊण इंच व हात म्हणजे 18 इंच हे आपल्या पूर्वजांचे एकच निश्चित माप होते. मूळ ग्रंथ दोहोंनाही दुजोरा देत नाही.

अंगुल म्हणजे आठ यवमध्ये, किंवा मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाची मध्यभागीची रुंदी, असे कौटिल्य सांगतो. त्यातील 'मध्यम' हा शब्दच पहिल्या आक्षेपाचे उत्तर आहे. मोजणाऱ्याचे बोट येथे प्रमाण नाही. पुढे 24 अंगुलांचा हात सांगून तो थांबत नाही. गायरानास 28 अंगुलांचा हात, सुतारकामास 42 अंगुलांचा किष्कु, कुप्यवनास 54 अंगुलांचा हात, असे भेद तो करतो. पाऊण इंचाचाच हिशेब धरला तरी शेवटचा हात साडेचाळीस इंचांचा होतो. बाजू सव्वादोनपट झाली, की क्षेत्र पाचपटीहून अधिक वाढते. अशा स्थळी 'हात म्हणजे 18 इंच' अशी सरसकट तळटीप देणारा अनुवादक अरण्याचे परसू करून टाकतो! ब्रह्मदेय भूमीसाठी तर दंडही नेहमीपेक्षा लांब सांगितला आहे. दानाचे औदार्य आकड्यात न दाखवता मापातच सामावलेले आहे.

हीच दृष्टी आपल्या सभासद बखरीतही आढळते. शिवकालीन जमीनमोजणीची काठी तेथे पाच हात व पाच मुठींची सांगितली आहे. आणि लागलीच हात 14 तसूंचा व सबंध काठी 82 तसूंची, असे बंधनही घातले आहे. वीस काठ्या लांब व तितकीच रुंद जमीन म्हणजे बिघा. ज्या काठीवर रयतेचा सारा ठरावयाचा, ती कारकुनाच्या हातावर सोपवून कसे चालेल?

देहाने नाव दिले आणि राज्याने लांबी बांधली, असा हा व्यवहार आहे. नाव देहाचे राहिल्याने एक लाभ झाला असावा: अक्षरशत्रू कुणब्यालाही आपला हात लावून ठळक लबाडी ओळखता येई. म्हणून संपादकांनी मूळ शब्द कायम ठेवावा आणि त्या त्या स्थळी तो किती अंगुलांचा, हे सांगावे. इंच त्यानंतर यावेत.