दुकानांचे निरोपलेख आणि क्रियापदाची साक्ष

गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत व नियतकालिकांत एक छोटा गद्यप्रकार रूढ होऊ पाहत आहे. एखादे जुने, नावाजलेले दुकान बंद झाले की त्यावर स्मरणलेख लिहिले जातात. दुकानाची जागा, मालकाचा स्वभाव, तेथून घेतलेली पहिली वस्तू आणि शेवटी एक पर्व संपल्याची हळहळ, असा या लेखांचा सर्वसाधारण साचा असतो. त्यांना 'निरोपलेख' म्हणावयास हरकत नसावी. माणसाच्या मृत्युलेखाचा घाट त्यांनी उचलला आहे, हे उघड आहे. प्रस्तुत टिपणात या लेखांतील भावनेपेक्षा त्यांतील क्रियापदांकडे लक्ष वेधावयाचे आहे. निरोप कोणी कोणाचा घेतला, हा या प्रकारातील मुख्य प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर बहुधा क्रियापदाच्या निवडीतच दडलेले असते.

दुकान कायमचे मिटले हे सांगण्यासाठी मराठीत तीन सोप्या रचना आहेत. 'दुकान बंद केले' या रचनेत कर्ता आहे, निर्णय आहे. 'दुकान बंद झाले' यात केवळ घटना आहे. 'दुकान बंद पडले' यात घटनेबरोबरच असहायताही आहे. घड्याळ बंद पडते, गिरणी बंद पडते, तसे दुकान बंद पडते. निरोपलेखांचा ओढा दुसऱ्या व तिसऱ्या रचनेकडे असतो. पहिली रचना आलीच तर तिचा कर्ता मालक असतो. गिऱ्हाईक हे कर्तेपद कधी घेत नाही. ते लेखभर स्मरण करीत असते.

मराठीत अकर्मक व सकर्मक क्रियापदांच्या काही जोड्या एकाच धातूच्या दोन रूपांनी बनतात: तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. 'उ'चा 'ओ' आणि 'ट'चा 'ड' झाला की घडणाऱ्या गोष्टीला घडविणारा मिळतो. व्यापाऱ्याच्या बोलीत 'गिऱ्हाईक तुटले' असा प्रयोग आहे. 'गिऱ्हाइकाने दुकान सोडले' असा घराघरांतला प्रयोग आहे. प्रसंग एकच असला तरी पहिल्या वाक्यात दोष कोणाचाच नाही, दुसऱ्यात तो विचारता येतो. निरोपलेखांची भाषा 'तुटणे' आणि 'सुटणे' यांच्या पलीकडे जावयास कचरते, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

उदाहरणादाखल मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचा विचार करू. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात हे दुकान मांडले. पुढे ते फोर्ट भागात स्थिरावले. पुस्तके गिऱ्हाइकाला मोकळेपणाने हाताळू देणे आणि छापील किमतीवर सूट देणे, ही त्याची ख्याती होती. शानभागांना २००३ साली पद्मश्री मिळाली, २००९ मध्ये ते निवर्तले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकान बंद झाले. मधल्या काळात पुस्तकविक्रीचे स्वरूप पालटले होते. फ्लिपकार्टचा आरंभ २००७ मध्ये पुस्तकविक्रीनेच झाला. अ‍ॅमेझॉनने भारतातील विक्री २०१३ मध्ये सुरू केली. घरपोच मिळणारे पुस्तक अनेकदा अधिक सुटीने मिळू लागले.

येथे 'सूट' हा शब्द पुन्हा पाहण्यासारखा आहे. 'सुटणे' या क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे. विक्रेत्याने किमतीतला काही भाग सोडला म्हणजे गिऱ्हाइकाला सूट मिळते. ज्या सुटीने वाचक स्ट्रँडशी जोडला गेला, तसल्याच अधिक मोठ्या सुटीने तो तेथून सुटला. दुकानाला ज्या गुणासाठी आपण जवळ केले, त्याच गुणासाठी ते सोडले, हे या प्रकरणातले खरे कथानक होय. ते सांगणारा निरोपलेख अधिक मोलाचा ठरेल. पण त्यासाठी 'आम्ही सोडले' असे सकर्मक वाक्य लिहावे लागेल.

सर्वच दुकानांना हे कथानक लागू पडते असे मात्र नाही. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. तेथे विकली जाणारी वस्तूच, म्हणजे ध्वनिमुद्रिका, फीत आणि तबकडी, सर्वसामान्य श्रोत्याच्या व्यवहारातून मागे सरली होती. तेथे 'बंद पडले' हे क्रियापद पुष्कळ अंशी यथार्थ आहे. पुस्तकाचे तसे झालेले नाही. छापील पुस्तक आजही विकत घेतले जाते. घेण्याची जागा तेवढी बदलली. या दोन बंद दुकानांवर एकाच सुरात शोक करणारा लेखक कारणांतील हा भेद पुसून टाकतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. कोणाही एका वाचकाने स्ट्रँड बंद केले नाही. प्रत्येकाने एखादे पुस्तक दुसरीकडून घेतले. असंख्य क्षुल्लक कृतींची बेरीज झाली. शिवाय जागेचा खर्च, मालकाच्या पश्चात व्यवसाय चालविण्याचा प्रश्न, अशी कारणे वाचकाच्या हाती नसतातच. अशा वेळी 'तुटले' हे अकर्मक रूपच खरे नव्हे काय? बेरजेपुरते ते खरे आहे. परंतु बेरीज सांगताना घटक लपविणे हे समीक्षकाला मान्य करता येणार नाही. निरोपलेखाने पश्चात्तापाचे प्रदर्शन करावे अशी अपेक्षा नाही. हिशेब मांडावा, एवढीच आहे. न मागितलेले पुस्तक हाती पडण्याची सोय, नव्या विषयातील ग्रंथ चाळून मग घेण्याची मुभा, यांची किंमत सुटीच्या आकड्यात धरली गेली नव्हती. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या वाचनाला या गोष्टींचे केवढे साहाय्य होई, हे आपल्या विभागांस वेगळे सांगावयास नको.

निरोपाहून निराळी, आणि भाषेच्या दृष्टीने अधिक सरळ, अशी क्रिया म्हणजे चालू दुकानाशी संबंध तोडणे. 'त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही' या वाक्यात कर्ता, कर्म आणि निश्चय तिन्ही आहेत. मापात कमी भरले, शब्द फिरविला, अपमान झाला, असे कारणही बहुधा पाठोपाठ येते. येथे 'गिऱ्हाईक' आणि 'ग्राहक' हे एका कुळीचे दोन शब्द वेगळे होतात. १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत, १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा यांनी 'ग्राहक' या शब्दाला हक्काचा अर्थ दिला. ग्राहक तक्रार करतो, भरपाई मागतो. गिऱ्हाईक रुसते, पायरी सोडते आणि क्वचित परतही येते. रुसण्याला आधी नाते असावे लागते. ज्या विक्रेत्याला पायरीच नाही, त्याच्याशी तक्रार होऊ शकते, रुसवा होऊ शकत नाही. प्रिय दुकानाशी फारकत घेतल्याचे प्रामाणिक वर्णन निरोपलेखांपेक्षा या घरगुती वाक्यात अधिक आढळते, त्याचे कारण हेच.

शेवटी एका जुन्या प्रयोगाचा उल्लेख करणे अवश्य आहे. नारळ फोडणे अशुभ वाटते म्हणून आपण तो 'वाढवतो'. बांगडी फुटली की ती 'वाढली' म्हणतो. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. त्याच न्यायाने रात्री दुकान मिटणे म्हणजे 'दुकान वाढवणे'. उद्या पुन्हा उघडण्याचा विश्वास त्या शब्दात आहे. आजच्या विद्यार्थ्याला मात्र 'दुकान वाढवले' म्हणजे व्यवसायाचा विस्तार केला, असेच प्रथम वाटेल. हा अर्थ केव्हा व कोणत्या भागात मागे पडला, हे दुकानदारांच्या बोलीतून अद्याप टिपता येण्यासारखे आहे. उधारी, वही, पायरी यांभोवतीचे वाक्प्रयोगही त्याच कामात गोळा होतील. निरोपलेख लिहिणाऱ्यांनी हळहळीबरोबर अशी शब्दांची नोंद केली आणि कर्त्याला वाक्यात परत आणले, तर हा गद्यप्रकार अभ्यासकांच्याही उपयोगी पडेल, एवढे सुचवून हे टिपण पुरे करतो.