निराशा, सांत्वन आणि आत्मकथन : ‘माझी साक्ष’ व ‘स्मृतिचित्रे’ यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना अहमदनगर, राहुरी, केडगाव ही ठिकाणे प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतात. ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. वस्तुतः लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे विवाहानंतरच्या सुरुवातीच्या काळातील सासर मुरबाडचे होते. नारायण वामन टिळक यांचे वडील वामनराव नोकरीनिमित्त तेथे राहत असत. नाशिकजवळचे जलालपूर हे लक्ष्मीबाईंचे माहेर. या माहेर-सासरच्या मध्ये थळ घाट आणि आजचा शहापूर तालुका येतो. बालवयात विवाह झालेली मुलगी, घरात सासू नाही, सासऱ्यांचा स्वभाव तापट, पती घरात स्थिर नाही, अशा परिस्थितीत त्यांच्या संसाराचा आरंभ झाला. दुःखाला विनोदाने सामोरे जाण्याची त्यांची जी वृत्ती पुढे ‘स्मृतिचित्रे’त सर्वत्र दिसते, तिची पहिली कसोटी या घरात लागली.

‘स्मृतिचित्रे’ची चर्चा बहुधा भाषेचा साधेपणा, विनोद आणि टिळकांचे व्यक्तिचित्र या अंगांनी झाली आहे. जगणे नकोसे झालेल्या माणसाला ख्रिस्ती सांत्वन कसे मिळते, कोणाकडून मिळते आणि त्याची किंमत कोण देते, हा प्रश्न या ग्रंथाच्या केंद्राशी असूनही दुर्लक्षित राहिला. पंडिता रमाबाईंची १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली व मराठीत ‘माझी साक्ष’ या नावाने ओळखली जाणारी कृती सोबत ठेवून हा प्रश्न तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उपदेशपर सांत्वनाचा नमुना

मराठीत ख्रिस्ती सांत्वनाचा आरंभीचा ठळक वाङ्मयीन नमुना म्हणजे बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७). या कादंबरीत प्रवासात भेटणाऱ्या विधवांची दुःखे एकामागून एक समोर येतात आणि अखेरीस यमुनेलाही वैधव्य प्राप्त होते. येथे दुःख हा प्रश्न असतो व धर्मतत्त्व हे त्याचे उत्तर असते. सामाजिक जागृतीच्या दृष्टीने या रचनेचे मोल निर्विवाद आहे. परंतु प्रश्न मांडला जाण्यापूर्वीच उत्तर तयार असल्यामुळे दुःखी व्यक्तीपेक्षा उपदेशकाचा आवाज मोठा होतो.

विशेष म्हणजे बायबलमधील निराशेचे प्रसंग हा क्रम पाळत नाहीत. पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा त्याला प्रथम झोप, भाकरी आणि पाणी मिळते. देवाची वाणी त्यानंतर येते. ईयोबाचे मित्र सात दिवस मूक बसून राहतात तोवर ते मित्र असतात. युक्तिवाद करू लागताच ते त्याचे छळकर्ते होतात. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी स्वतःच्या जिवावर उठतो, तेव्हा पौल त्याला सिद्धान्त सांगत नाही. स्वतःला इजा करू नकोस, आम्ही सगळे येथे आहोत, एवढेच तो ओरडून कळवतो. तारणाचा प्रश्न तुरुंगाधिकारी स्वतः नंतर विचारतो. सोबत आधी आणि शिकवण नंतर, असा हा क्रम आहे. पुढील दोन्ही आत्मकथनांचे वाचन याच क्रमाच्या आधारे करता येते.

‘माझी साक्ष’ : तळ्याच्या काठावर

१८७० च्या दशकातील दुष्काळात अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. दाने, व्रते, तीर्थयात्रा यांत सर्व द्रव्य संपले होते, आणि शास्त्रव्यासंगी कुटुंबाला अंगमेहनतीचे काम माहीत नव्हते. शेवटचा दाणा संपल्यावर वृद्ध वडिलांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला. त्यांनी एकेका अपत्याचा निरोप घेतला. धाकट्या रमेची पाळी सर्वांत शेवटी आली. धर्माने मान्य केलेले मरण म्हणून त्याला आत्महत्या समजले जात नसे, हेही रमाबाई नोंदवतात. निराशेला पावित्र्याचे वस्त्र कसे मिळते, याचे इतके संयत चित्रण मराठी स्त्रीच्या आत्मकथनात विरळाच.

या क्षणी कुटुंबाला वाचवणारा उद्गार कोणत्याही धर्मग्रंथातला नाही. जातीचा अभिमान बाजूला ठेवून आपण मजुरी करू, असे रमाबाईंचे बंधू म्हणतात. आशेचे पहिले रूप येथे मोलमजुरीची तयारी हे आहे. वडील त्यानंतर फार काळ जगले नाहीत. आई आणि थोरली बहीणही गेली. तरीही तळ्याच्या काठावरून कुटुंब मागे वळले, ही घटना निर्णायक ठरते.

साक्ष लिहिताना रमाबाई या साऱ्या प्रवासात ईश्वराचा हात पाहतात. हा अर्थ मागे वळून लावलेला आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या, आणि त्यानंतरही अनेक वर्षे अंतःकरणाच्या शांतीचा शोध घेतलेल्या स्त्रीने तो लावला आहे. मात्र प्रसंगाचे कथन करताना त्यांनी तो अर्थ प्रसंगात घुसडला नाही, हा त्यांचा वाङ्मयीन प्रामाणिकपणा होय. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळपीडित स्त्रियांना अन्न, निवारा, अक्षरओळख आणि हस्तोद्योग एकत्र मिळत. त्या रचनेत भावाच्या त्या उद्गाराचा विस्तार दिसतो.

‘स्मृतिचित्रे’ : एकाची आशा, दुसऱ्याची निराशा

लक्ष्मीबाईंची कथा अधिक अवघड आहे. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांना गवसलेली शांती हीच लक्ष्मीबाईंच्या कोसळण्याचे कारण झाली. वैधव्याला निदान समाजमान्य रूढ आचार होते. पती जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही, या अवस्थेसाठी कोणताही आचार नव्हता. पदरी लहान मुलगा, नातलगांच्या घरचा आश्रय आणि लोकांचे बोल यांत सुमारे साडेचार वर्षे गेली. ख्रिस्ती आशेचा गौरव करणाऱ्या बहुतेक साक्षींमध्ये अशा मागे राहिलेल्या माणसाची बाजू येत नाही. ‘स्मृतिचित्रे’ ती बाजू सांगते, आणि तीही पुढे स्वतः ख्रिस्ती झालेल्या स्त्रीच्या तोंडून. म्हणूनच हा ग्रंथ केवळ साक्ष राहत नाही. तो साक्षीची चिकित्साही करतो.

या काळात लक्ष्मीबाईंना सावरणारी माणसे कोण होती? जवळची, हिंदू, धर्मांतराने दुखावलेली नातलग मंडळी. त्यांचे सांत्वन ओबडधोबड आहे, कधी बोचणारेही आहे. परंतु ते सतत उपस्थित आहे. लक्ष्मीबाईंच्या पहिल्या कविताही याच विरहाच्या काळात जन्मल्या. शब्द हाती लागणे, हाही येथे जगण्याचा एक आधार ठरला.

पुनर्मीलनानंतरचा भाग सांत्वनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे आणि वेगळा स्वयंपाक चालू ठेवला, आणि टिळकांनी तो चालू दिला. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने आल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो या दीर्घ वाटचालीच्या अंती. तापट, उतावळ्या टिळकांनी येथे दाखवलेला धीर हीच त्यांची सर्वांत प्रभावी सुवार्ता होती, असे म्हणता येईल. त्यांच्या अभंगांत आर्त भक्ती आहे. पण पत्नीच्या चुलीला हात न लावण्यात असलेली करुणा त्या भक्तीची कसोटी आहे.

लक्ष्मीबाईंचा विनोद या संदर्भात पुन्हा पाहावा लागतो. तो दुःख झाकत नाही. दुःखाच्या वर्णनात अकस्मात एखादी घरगुती फजिती आली, की वाचकाला कळते की ही स्त्री आता त्या खाईच्या बाहेर उभी आहे. आशा जाहीर न करता ती वाक्यरचनेतून जाणवून देणे, हे या गद्याचे सामर्थ्य आहे.

मर्यादा

दोन्ही कृती वाचलेल्या माणसांनी लिहिल्या आहेत. जे परतले नाहीत त्यांचा आवाज त्यांत नाही. रमाबाईंच्या निवेदनात पूर्वधर्माकडे पाहण्याची दृष्टी कठोर आहे, आणि श्रद्धावान वाचकांसाठी लिहिल्याने काही प्रश्न लवकर मिटतात. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात टिळकांवरील प्रेमामुळे रागाचा भाग अनेकदा हसण्यावारी जातो. हे लक्षात न घेता या कृतींना सांत्वनाची पाठ्यपुस्तके मानणे योग्य होणार नाही.

आजचा संदर्भ

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरून तिच्या उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही निःशुल्क सेवाही उपलब्ध आहे. गुन्हेगार न मानता सोबत द्यावी, हे कायद्याने उशिरा स्वीकारले. मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागात मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचण्याआधी माणूस घरच्यांकडे, शेजाऱ्यांकडे, शिक्षकांकडे किंवा धर्मगुरूकडे जातो. त्या पहिल्या भेटीत ऐकणारा काय करतो, यावर बरेच अवलंबून असते. ऐकून घेणे, एकटे न सोडणे आणि उपचारापर्यंत सोबत जाणे या गोष्टींची जागा प्रवचन घेऊ शकत नाही. अभ्यासक्रमात ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा पैलू वर्गात आला, तर साहित्याचे अध्यापन अधिक अर्थपूर्ण होईल.

निष्कर्ष

१. ‘यमुनापर्यटन’मध्ये सांत्वन उत्तराच्या रूपाने येते, ‘माझी साक्ष’ व ‘स्मृतिचित्रे’ यांत ते सोबत, श्रम आणि धीर यांच्या रूपाने येते.

२. दोन्ही आत्मकथनांत धर्मार्थ नंतर उमगतो. निराशेच्या क्षणी माणसाला धरून ठेवते ते दुसरे माणूस.

३. ‘स्मृतिचित्रे’ ख्रिस्ती आशेची किंमत कोणी मोजली, हेही दाखवते. त्यामुळे तिचे सांत्वन अधिक विश्वसनीय ठरते.

४. मुरबाडच्या घरापासून सुरू झालेली ही कथा म्हणजे श्रद्धेच्या विजयाची केवळ गाथा नव्हे. ज्याच्यावर श्रद्धा लादली गेली नाही, त्याच्याच ठायी ती आशा होऊन रुजली, याचा तो मराठीतील एक मोलाचा दस्तऐवज आहे.