प्यादं एकच घर

बुद्धिबळाच्या अ‍ॅपवर रेटिंगचा आकडा ठळक दिसतो, पण खेळाडू कसा खेळतो हे तो सांगत नाही. तो फक्त कोणाशी जिंकलात, कोणाशी हरलात एवढंच मोजतो. शैली बघायची तर डाव वाचावे लागतात.

चारठाण्यात खत-बियाण्यांचं दुकान असलेल्या एका काकांचे लीचेसवरचे डाव मी वर्षभर वाचतोय. लीचेस नव्या खेळाडूला १५०० पासून सुरुवात करून देतं. काका आधी ११५० पर्यंत घसरले. आता १४३० च्या आसपास आहेत.

काका देशी बुद्धिबळ शिकलेले. गावोगावी नियम थोडे बदलतात, पण त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. आपण कॅसलिंग म्हणतो तो किल्लेकोट नसतो. शह बसलेला नसेल, तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं, की ज्या मोहऱ्याची ती पट्टी, तेच मोहरं मिळतं. हत्तीच्या पट्टीत हत्ती, उंटाच्या पट्टीत उंट.

हे नियम त्यांच्या ऑनलाइन डावांत अजून दिसतात. पांढऱ्या मोहऱ्यांनी ते राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवतात, मागे उंट बसवतात, मग वजिरासमोरचं प्यादंही एकच घर. पहिल्या दहा चालींत मारामारी नाही. पोरं याला भित्रा खेळ म्हणतात. स्टॉकफिश मात्र अशा मांडणीला जवळजवळ बरोबरीचेच गुण देतं. म्हणजे दोष सुरुवातीत नाही.

ही वाट जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रनसमोर अशाच मांडण्या खेळत; 'इंडियन डिफेन्स' हे नाव त्यातूनच आलं. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळावरचं पुस्तक छापलं गेलं, तेच मुळी युरोपीय नियमांना जुळवून घेतलेलं. पंजाबचा सुलतान खान देशी नियमांवर वाढला, १९२९ साली इंग्लंडला गेला आणि ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकला. त्याची सुरुवात कच्ची आणि शेवट भक्कम, असं जाणकार म्हणत.

काकांचा खरा दोष राजाचा. किल्लेकोट ते लांबवत राहतात, जणू ती घोड्याची उडी अजून हाताशी आहे. समोरच्यानं मधली प्यादी फोडली, की राजा उघड्यावर. घसरणीच्या काळातले बरेच डाव असेच गेलेत.

दुसरा दोष जास्त रंजक आहे. कडेच्या प्याद्याची त्यांना किंमत नव्हती. देशी हिशोबात ते बरोबरच, कारण त्या प्याद्याचा फार तर हत्ती होणार. पण आजच्या नियमात कुठल्याही प्याद्याचा वजीर होतो, आणि डाव संपत आला, की कडेचं मोकळं प्यादं समोरच्या राजाला लांब ओढून नेतं. गेल्या काही महिन्यांतल्या डावांत काका हेच करताना दिसतात. समोरचा राजा त्या प्याद्यामागे जातो आणि दुसऱ्या बाजूची प्यादी काका निवांत खातात.

म्हणून मला ही प्रगती महत्त्वाची वाटते. त्यांनी ओपनिंगचे व्हिडिओ पाठ करून आपली मांडणी टाकून दिली नाही. कुठली सवय नव्या नियमात चालते आणि कुठली नाही, एवढंच वेगळं काढलं. आपल्यातले बरेच जण उलटं करतात: पंधरा चाली उसन्या, आणि सोळाव्या चालीला काय करायचं ते माहीत नाही.

पुढची अडचण घड्याळाची आहे. काका पाच मिनिटांचे डाव खेळतात, आणि हळूहळू रचणाऱ्या माणसाला ती वेळ पुरत नाही. कितीतरी वरचढ डाव त्यांनी वेळेवर घालवलेत. पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद, असं खेळले तर रेटिंग कदाचित फार हलणार नाही, पण त्यांचे शेवट पूर्ण वाचायला मिळतील.