शिखर आणि मैदान

मे २०१८मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. ‘मिशन शौर्य’चे हे यश निर्विवाद आहे; मात्र त्यावरून क्रीडाधोरणाचे मोजमाप करता येणार नाही. मोहीम निवडक मुलांची असते, शाळा सर्वांची. कोरपना-जिवतीकडच्या मुलाला बारावीनंतरही खेळता येते का आणि शिकता येते का, हा खरा प्रश्न आहे.

वंचितांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थांपुढे हा पेच अन्यत्रही आला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत फुटबॉलचा थाट मोठा, खर्चही मोठा. टेनेसी स्टेटच्या एड टेम्पल यांनी मात्र तुटपुंज्या साधनांवर धावपटू मुलींचा संघ घडवला. याच संघातील विल्मा रुडॉल्फने १९६० साली रोममध्ये तीन सुवर्णपदके जिंकली. टेम्पल यांचा पदवीचा आग्रह पदकाइतकाच कडक होता. त्यांच्या बहुतेक ऑलिंपिकपटू पदवीधर झाल्या.

२०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने व त्याच्या महाविद्यालयांनी यातून बोध घ्यावा. धावणे, कबड्डी, तिरंदाजी असे दोन-तीनच खेळ निवडावेत. त्यांना कायम प्रशिक्षक, सकस आहार आणि वसतिगृह द्यावे. खेळाडूंपैकी किती जण पदवीपर्यंत पोहोचले, हा आकडा दरवर्षी जाहीर करावा. ढालींचे कपाट त्यानंतर भरले तरी चालेल.