कृष्णविवर आणि ‘अव्यवस्था’

सन १९७४ मध्यें कै. जयंत नारळीकर यांनीं ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस धाडली, व ती पहिली आली. हा शब्द आतां मराठी घरांत नवखा राहिलेला नाहीं. आमची तक्रार त्याच्या जोडीनें येणाऱ्या दुसऱ्या शब्दाविषयीं आहे. ‘एन्ट्रॉपी’ म्हणजे ‘अव्यवस्था’, असें आमचे विज्ञानलेखक सरसकट लिहितात. आम्हीही अमरावतीस वर्गांत कित्येक वर्षें तेंच सांगत आलों. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, जें बाहेरून केवळ वस्तुमान, भ्रमण व विद्युद्भार एवढ्यांवरून ओळखतां येतें, त्यांत अव्यवस्था कसली?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

ज्या सीमेच्या आंतून प्रकाशही परतत नाहीं, तें कृष्णविवराचें क्षितिज. एन्ट्रॉपी या क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणांत असते, असें बेकेन्स्टाइन यांनीं १९७२ सालीं मांडलें. कृष्णविवरास तपमान असतें हें हॉकिंग यांनीं १९७४ सालीं दाखविलें, तेव्हां तें प्रमाण एक-चतुर्थांश ठरलें. गोष्ट विलक्षण आहे. अकोल्याच्या वखारींत कापसाच्या गाठी किती मावतील, हें भिंती मोजून सांगूं पाहणाऱ्यास तेथील दिवाणजी वेड्यांत काढील! वखार लांबी, रुंदी व उंची तिन्हींत दुप्पट केली तर गाठी आठपट मावतात. कृष्णविवराची त्रिज्या दुप्पट झाली तर एन्ट्रॉपी चौपटच होते. हिशेब सारा भिंतीवर लिहिलेला.

ती भिंत महाराष्ट्रांत जन्मलेले अभय अष्टेकर व त्यांचे तीन सहकारी यांनीं १९९८ सालीं वाचूं पाहिली. त्यांच्या मतें अवकाश जणूं सूक्ष्म धाग्यांनीं विणलेलें आहे. हे धागे क्षितिजास जेथें भेदतात, तेथें क्षेत्रफळाचा एकेक कण उपजतो. एकूण क्षेत्रफळ तेंच ठेवून हे छेद किती प्रकारांनीं मांडतां येतील, त्या संख्येचा लॉगरिदम म्हणजे एन्ट्रॉपी. एक-चतुर्थांश जुळावा म्हणून एका स्थिरांकाची किंमत त्यांस ठरवून घ्यावी लागली, हें आम्हांस बोचतें. पण या गणनेंत अव्यवस्था कोठें आहे? आहेत त्या बाहेरून न दिसणाऱ्या मांडण्या.

जेकबसन यांनीं १९९५ सालींच उलट वाट धरून क्षितिजाच्या एन्ट्रॉपीवरून आइन्स्टाइनचीं समीकरणें काढलीं होतीं. पुण्याच्या ‘आयुका’ंत थाणू पद्मनाभन यांनीं २०२१ मधील आपल्या निधनापर्यंत तो विचार पुष्कळ पुढें नेला. गुरुत्वाकर्षण हेंच जर उष्णतेप्रमाणें अगणित सूक्ष्म घटकांचें सामुदायिक रूप असेल, तर ‘अव्यवस्था’ हा शब्द वाचकास ऐन उंबरठ्यावर अडवितो. ‘एन्ट्रॉपी’च ठेवावा, ‘स्टेशन’ आणि ‘तिकीट’ मराठीनें पचविलेंच आहे.

तो विद्यार्थी आज अकोल्यास शिकवितो. वखारीचा दाखला त्याचाच.