सफरनाम्यातला यजमान

जव्हारला 'ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर' म्हणण्याची पद्धत जुनी आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यातला जिल्हा बदलला, महाबळेश्वर मात्र तसेच राहिले. गावाचे कौतुक करायचे, पण दुसऱ्या गावाचे नाव देऊन करायचे, हा आपल्या प्रवासलेखनाचा जुना स्वभाव आहे. जव्हार-मोखाड्याविषयी नियतकालिकांतून, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून आणि दिवाळी अंकांतून जे लिहिले जाते, ते वाचताना हा स्वभाव पानोपानी जाणवतो. प्रस्तुत लेखात या लेखनाचा विचार करायचा आहे. मराठी मुस्लिम वाचक-लेखकांचा त्याच्याशी काय संबंध, हेही तपासायचे आहे.

दाभोशाचेच उदाहरण घेऊ. जव्हारपासून सुमारे वीस किलोमीटरवर हे गाव आहे. तिथे लेंडी नदीचा प्रवाह सुमारे तीनशे फुटांवरून खाली कोसळतो. पावसाळ्यात मुंबई, ठाणे आणि नाशिकहून माणसे हा धबधबा पाहायला येतात. त्यांच्यातल्या लिहित्या मंडळींचे लेख एका ठरलेल्या साच्यातून निघतात. आधी घाटाची वळणे, मग धुके, मग पाण्याचा आवाज. त्यानंतर वाटेत भेटलेली 'साधीभोळी' माणसे आणि शेवटी शहराच्या धकाधकीला दिलेला चार ओळींचा दोष. धबधब्याची उंची दिलेली असते, गाडी कुठे लावावी हे दिलेले असते. गावात किती पाडे आहेत, माणसे काय पिकवतात, कोणती बोली बोलतात, याबद्दल एक अक्षर नसते. दाभोसा म्हणजे पाणी, एवढेच वाचकाच्या हाती उरते.

आता हेच पाणी उन्हाळ्यात पाहावे. जव्हार-मोखाडा हा भरपूर पावसाचा डोंगराळ मुलूख. पण उतार तीव्र आणि खाली कातळ, त्यामुळे पडलेले पाणी थांबत नाही. एप्रिल-मे महिन्यांत अनेक पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन दूरवरच्या झऱ्यावर किंवा टँकरच्या वाटेवर उभ्या असतात. मोखाड्यातल्या कोचाळे येथील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मात्र नळाने मुंबईला पोहोचते. म्हणजे दाभोशाची वाट धरण्याआधीच मुंबईकर या डोंगराचा पाहुणा झालेला असतो. रोज सकाळी नळ सोडतो तेव्हा तो इथलाच पाहुणचार घेत असतो. ही गोष्ट एखाद्या प्रवासवर्णनात आली, तर त्यातल्या धबधब्याचे वर्णन जरा संकोचाने लिहिले जाईल आणि लेख सुधारेल.

हंगामाची गोष्ट इथे संपत नाही. पावसात ज्या रस्त्याने पर्यटकांच्या गाड्या वर चढतात, त्याच रस्त्याने दिवाळीनंतर वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबे खाली उतरतात. भिवंडी, वसई, ठाणे परिसरातल्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर ती काम करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या भागात त्याला 'जगायला जाणे' असा शब्द आहे. आपल्या वाङ्मयात वर चढणाऱ्याला प्रवासी म्हणतात आणि खाली उतरणाऱ्याला स्थलांतरित मजूर. पहिल्याचे प्रवासवर्णन होते, दुसऱ्याचा अहवाल होतो. जो माणूस दर वर्षी भाषा, मालक आणि मुक्काम बदलतो, त्याच्या प्रवासाचे वर्णन मराठीत कोणी लिहिले आहे? 'जगायला जाणे' या एका शब्दात जेवढा प्रवास आहे, तेवढा धबधब्यावरच्या अनेक लेखांत मिळून नाही.

या प्रदेशात पाहुणा आणि जमीन यांचे नाते जुन्या काळापासून गुंतागुंतीचे आहे. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये जव्हारच्या मुकणे घराण्याविषयी एक आख्यायिका दिली आहे. तेव्हा जव्हार एका वारली मुखियाकडे होते. कोळी सरदाराने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मुखियाने हो म्हटले. मग कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून त्यांनी सगळी जागाच वेढली गेली. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण ती कोणी जपली आणि कोणत्या सुरात, हे पाहण्यासारखे आहे. तिच्यात मागणाऱ्याच्या हुशारीला दाद मिळते. देणाऱ्या वारल्याला पुढे काय वाटले, हे कथा सांगत नाही. आजच्या प्रवासलेखनातही हेच घडते. लेखक 'फक्त एक फोटो' मागतो, 'फक्त एक रात्र' मागतो, आणि पुढे त्या एका रात्रीवर साऱ्या आदिवासी जीवनाबद्दल निर्णय देऊन मोकळा होतो.

मुस्लिम वाचकाला इथे आपल्या सफरनाम्याच्या परंपरेची आठवण होणे साहजिक आहे. कुरआनात जमिनीवर फिरून पाहण्याची, पूर्वीच्या लोकांचे काय झाले याचा विचार करण्याची सूचना वारंवार येते. माणसांचे निरनिराळे समूह एकमेकांची ओळख व्हावी म्हणून आहेत, असाही विचार तिथे आहे. पाहुण्याने यजमानाला अडचण होईल इतके राहू नये, ही हदीसची शिकवण घराघरांत सांगितली जाते. पाहणे, ओळख आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आहेत. या कसोटीवर आपलेच थोर प्रवासी कसे उतरतात, हे पाहायला हरकत नाही.

इब्न बतूता 1342 मध्ये मुहंमद बिन तुघलकाचा वकील म्हणून चीनला जाण्यासाठी दिल्लीहून निघाला आणि दौलताबाद, नंदुरबार या मार्गाने खंबायतला गेला. जव्हार त्याच्या वाटेवर नव्हते. योगायोग असा, की पुढच्याच वर्षी, 1343 मध्ये, याच सुलतानाने जव्हारच्या निमशहाला राजा म्हणून मान्यता दिल्याचे संस्थानचा इतिहास सांगतो. नंदुरबारच्या मराठी लोकांबद्दल इब्न बतूता लिहितो तेव्हा तो त्यांचे कारागिरीतले कौशल्य, वैद्यक, ज्योतिष, भात-भाजी आणि तिळाचे तेल, जेवणाआधीची त्यांची आंघोळ हे सगळे टिपतो. चौदाव्या शतकातल्या मराठी माणसाच्या ताटात काय होते, हे एका मोरोक्कन मुसाफिराकडून आपल्याला कळते, ही लहान गोष्ट नव्हे. दौलताबादच्या बायकांविषयी लिहिताना मात्र तो त्यांच्या नाकाची आणि भुवयांची तारीफ करतो. ज्ञान देणारी नजर आणि नुसती टिपणारी नजर, दोन्ही एकाच लेखकात आहेत.

पुढे मालदीवमध्ये तो काझी झाला. तिथल्या बायका कमरेच्या वर वस्त्र घेत नसत. त्याने हुकूम काढून ही रीत बदलायचा प्रयत्न केला आणि तो साधला नाही, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. पाहुणा काझी झाला की काय होते, याचा हा प्रामाणिक पुरावा आहे. आज पर्यटक काझी होत नाही, पण निवाडे देतो. आदिवासींनी मोह पिऊ नये, मुलांना शाळेत पाठवावे, धबधब्याजवळ कचरा करू नये, असे दोन तासांच्या मुक्कामात सांगतो. त्यातला कचरा बहुधा त्याच्याच गाडीतून आलेला असतो.

त्याच्याही आधी सुमारे तीनशे वर्षे अल-बिरूनी होऊन गेला. 1030 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने भारतातले विचार इथल्या लोकांच्याच म्हणण्यानुसार मांडायचे ठरवले. त्यासाठी तो संस्कृत शिकला. ती भाषा किती अवघड गेली, हेही त्याने लिहून ठेवले. महमूद गझनवीच्या स्वाऱ्यांमुळे त्याला हा देश पाहता आला. तरी त्या स्वाऱ्यांनी इथली समृद्धी धुळीला मिळवली आणि लोकांच्या मनात तिटकारा भरला, हे नोंदवायला तो कचरला नाही. आपण कोणाच्या बळावर इथे आलो, हे लेखकाने सांगावे. अल-बिरूनीकडून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट ही आहे. दाभोशावर लिहिणाऱ्याला तर संस्कृत शिकायची गरज नाही. वारलींची बोली आपल्या मराठीच्या अगदी शेजारची आहे. तिच्यातले पाच-दहा शब्द तरी लेखात यायला काय हरकत आहे?

मराठीत याच जिल्ह्याविषयी लिहिलेले एक पुस्तक या संदर्भात डावलता येत नाही. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' 1970 साली आले आणि 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ते प्रवासवर्णन नाही. डहाणू-तलासरी भागातल्या वारलींच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याची ती हकिगत आहे आणि लेखिकेची राजकीय बाजू त्यात उघड आहे. पण बाहेरून आलेल्या व्यक्तीने लिहिलेल्या या पुस्तकात यजमान हजर आहे. तो बोलतो, भितो, विचारतो, नकार देतो. लेखिका त्याच्या घरी राहते, त्याचे खाते, आणि त्या राहण्याची किंमत तिलाही चुकवावी लागते. ज्यांना तिचे राजकारण मान्य नाही, त्यांनीही हे पुस्तक प्रवासलेखनाचा धडा म्हणून वाचावे.

वारली चित्रांची कथाही याच प्रश्नाकडे नेते. लग्नघरी सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढायचा, त्यात पालघाट देवी बसवायची, धवलेरीने गाणी म्हणत लग्न लावायचे, असा हा विधी होता. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्या हातून ती जगभर गेली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे अनेक घरांत चूल पेटली, हे मान्यच केले पाहिजे. 2014 मध्ये या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी आज हॉटेलच्या भिंतीवर, पिशवीवर, कपावर तीच त्रिकोणी माणसे दिसतात आणि त्यांतली बहुतेक वारली हातांनी काढलेली नसतात. पर्यटक ती विकत घेतो आणि आपण संस्कृतीशी जोडले गेलो असे समजतो. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याचेही तसेच. मुखवटे घालून देवांची सोंगे नाचवण्याचा हा उत्सव गावाच्या श्रद्धेचा आणि मानपानाचा आहे. त्याला 'लोकनृत्य' म्हणून हवे तेव्हा, हवे तिथे नाचवायला सांगणे म्हणजे कोणाच्या घरचा उरूस रविवारी सोयीने ठेवा असे म्हणण्यासारखे आहे.

उरुसाचा उल्लेख मुद्दाम केला. जव्हार गावात दर्गा आहे, तिथे उरूस भरतो, त्याला सर्व जातिधर्मांचे लोक येतात. पण प्रवासलेखांतले जव्हार म्हणजे जयविलास राजवाडा, शिरपामाळ, हनुमान पॉइंट आणि सनसेट पॉइंट. दर्गा त्या यादीत क्वचितच असतो. हे न दिसणे आपल्याला नवीन नाही. शहरातले मोहल्ले लेखनात येतात ते रमजानच्या खाऊगल्लीपुरते, अत्तर, बिर्याणी आणि बुरख्यापुरते. कबाबाची चव तपशिलाने सांगितलेली असते, कबाब भाजणाऱ्याची खोली किती फुटांची आहे हे नसते. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हीच तक्रार होती: आमच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण त्यात आम्ही नसतो. ज्यांनी ही तक्रार मराठीत इतक्या आग्रहाने मांडली, त्यांच्याकडून आदिवासी यजमानाविषयी वेगळे लिहिले जाण्याची अपेक्षा ठेवणे गैर नाही. आपल्याला लावलेला चष्मा खुपतो म्हणून तोच दुसऱ्याच्या गावी जाऊन आपल्या डोळ्यांवर चढवणे शोभणारे नाही.

यावर कोणी म्हणेल, पर्यटनामुळे चार पैसे मिळतात, त्यात एवढी चिकित्सा कशाला? पैशाचा मुद्दा खराच आहे. 1992-93 मध्ये याच तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरातले बालमृत्यू महाराष्ट्राने ऐकले. अशा मुलखात रोजगाराला नाक मुरडणे हा चैनीचा विचार ठरेल. प्रश्न एवढाच, की पैसा कोणाच्या हातात पडतो आणि अटी कोण ठरवतो. जव्हारजवळच्या वाळवंडा गावात गावकऱ्यांच्या सहभागाने ग्रामपर्यटनाचा प्रयोग झाला. पाहुणा वारली घरात जेवतो आणि त्याचे पैसे त्या घराला मिळतात, अशी त्यामागची कल्पना. 2002 च्या केपटाउन जाहीरनाम्यानेही जबाबदार पर्यटनाची व्याख्या करताना स्थानिकांचे राहणे आधी ठेवले, पाहुण्याचे पाहणे नंतर. जव्हार आणि मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार मान्य केला आहे. म्हणजे धबधब्याला मालक नाही, ही समजूतच चुकीची आहे.

बेफिकिरीची किंमतही इथे मोजली गेली आहे. जुलै 2020 मध्ये जव्हारच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. मे 2024 मध्ये दाभोशाला उंचावरून पाण्यात उडी घेणाऱ्या एका पर्यटकाचा जीव गेला. कोणत्या महिन्यात कुठल्या डोहाजवळ जाऊ नये, हे तिथल्या गुराख्याला ठाऊक असते. त्याला विचारण्याची पद्धत आपल्या प्रवासलेखनाने रूढ केलेली नाही. त्याला 'साधाभोळा' ठरवले, की त्याच्याकडे ज्ञान असू शकते ही शक्यताच मिटते.

तेव्हा यापुढे जव्हार-मोखाड्यावरचा लेख हाती आला तर त्याला काही सरळ प्रश्न विचारावेत. यात यजमान बोलतो का? लेखक पावसाळा सोडून दुसऱ्या ऋतूत तिथे गेला आहे का? जे खाल्ले, पाहिले, टिपले, त्याची परवानगी आणि किंमत यांची नोंद आहे का? लेखक कोणाच्या सोयीने आणि कोणाच्या पाण्यावर तिथवर पोहोचला, हे तो सांगतो का? शैलीचा विचार त्यानंतर करता येईल. मराठी मुस्लिम लेखकांतून कोणी असा सफरनामा लिहिलाच, तर तो छापण्याआधी दाभोशात वाचून दाखवावा, आणि तिथे निघालेले आक्षेपही त्यासोबत छापावेत.